सभासदाधारित संस्थांचे व्यक्तिसापेक्ष व स्वयंचलित विपणन : सार्वजनिक वाचनालयांच्या विशेष संदर्भात

सारांश

सभासदांच्या वर्गणीवर व सहभागावर चालणाऱ्या संस्थांमध्ये संगणकीकृत नोंदी आणि भ्रमणध्वनी संदेश यांचा वापर वाढला आहे. प्रत्येक सभासदाला त्याच्या गरजेनुसार वेगळा संदेश पाठवणे आणि तो ठरलेल्या वेळी आपोआप जाईल अशी व्यवस्था करणे, या दोन्ही गोष्टी आज लहान संस्थांच्याही आवाक्यात आल्या आहेत. तथापि हे तंत्र व्यापारी क्षेत्रात विकसित झालेले असून त्यात समोरची व्यक्ती ग्राहक असल्याचे गृहीत धरलेले असते. सभासद हा संस्थेचा ग्राहक असतो, तसाच तिचा मालकही असतो. या फरकामुळे सदर तंत्राच्या वापराला कोणत्या मर्यादा पडतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांच्या संदर्भात केले आहे.

बीजसंज्ञा : सभासदत्व, संबंधाधारित विपणन, स्वयंचलन, संमती, सार्वजनिक वाचनालय

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात सभासदाधारित संस्थांची परंपरा जुनी आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये, तर पुण्यातील महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ मध्ये स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर मराठी विज्ञान परिषद (१९६६) आणि मुंबई ग्राहक पंचायत (१९७५) यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने वाचनालयांना शासनमान्यता व अनुदानाची चौकट मिळवून दिली. अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली ही वाचनालये प्रायः स्थानिक नागरिकांनी नोंदणीकृत संस्था म्हणून चालवलेली आहेत. त्यांची घटना असते, कार्यकारी मंडळ असते आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेबाला मंजुरी देणारे सभासद असतात.

या संस्थांपुढील आजची अडचण सर्वपरिचित आहे. वार्षिक वर्गणीदार टिकत नाहीत, तर आजीव सभासद यादीत असतात पण वाचनालयात येत नाहीत. आजीव सभासदाने वर्गणी एकदाच भरलेली असल्याने संस्थेला त्याच्याशी दरवर्षी संपर्क साधण्याचे निमित्तच उरत नाही. त्याचा पत्ता बदलतो, दूरध्वनी क्रमांक बदलतो, आणि सर्वसाधारण सभेची सूचना परत येऊ लागते तेव्हा ते संस्थेच्या लक्षात येते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करून काही वेळाने त्याच जागी पुन्हा भरवणे हा अनेक संस्थांचा वार्षिक विधीच झाला आहे.

अशा परिस्थितीत संगणक विक्रेते व आज्ञावली पुरवणाऱ्या कंपन्या संस्थांना ‘स्वयंचलित संदेश’ सुचवतात. हा उपाय मुळात अयोग्य नाही. तथापि तो कोठे उपयोगी पडतो आणि कोठे हानिकारक ठरतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) सभासद व ग्राहक यांतील भेद विपणनाच्या दृष्टीने स्पष्ट करणे; (२) व्यक्तिसापेक्ष व स्वयंचलित विपणनाची कार्यपद्धती वाचनालयाच्या उदाहरणाने समजावून सांगणे; (३) या पद्धतीचे नैतिक व कायदेशीर धोके दाखवणे; (४) लहान संस्थांना पाळता येतील अशा शिफारशी करणे. लेख विवेचनात्मक व वर्णनात्मक स्वरूपाचा असून तो उपलब्ध साहित्यावर आणि प्रस्तुत लेखकाच्या एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळातील अनुभवावर आधारलेला आहे.

३. सभासद आणि ग्राहक

माणूस संस्थेचा सभासद का होतो, या प्रश्नाचे एक प्रसिद्ध उत्तर मॅनकर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये दिले. संघटनेने मिळवलेले लाभ सर्वांनाच मिळत असतील, तर वर्गणी न भरता ते उपभोगण्याकडे व्यक्तीचा कल असतो. म्हणून मोठ्या संघटनांना केवळ सभासदालाच मिळतील असे काही लाभ द्यावे लागतात. अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेचे नियतकालिक आणि खटल्यांच्या वेळी मिळणारे साहाय्य ही त्याने दिलेली उदाहरणे आहेत. वाचनालयाच्या बाबतीत घरी पुस्तक नेण्याची सवलत हा असाच लाभ होय.

आल्बर्ट हिर्शमन याने १९७० मध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. संस्थेची सेवा खालावली तर व्यक्तीपुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठवणे. बाजारातील ग्राहक सहसा पहिला मार्ग पत्करतो. तो दुकान बदलतो. सभासदाला दुसरा मार्गही खुला असतो, कारण त्याला मत असते. निष्ठा जितकी अधिक, तितका तो निघून जाण्याआधी बोलून पाहतो. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. वाचनालयातील तक्रारवहीत लिहिणारा सभासद हा संस्थेचा हितचिंतक असतो. न बोलता येणे बंद करणारा सभासद ही खरी चिंतेची बाब होय.

विपणनशास्त्रात लिओनार्ड बेरी याने १९८३ मध्ये संबंधाधारित विपणनाची संकल्पना मांडली. नवे ग्राहक मिळवण्याइतकेच असलेले टिकवणे व त्यांच्याशी संबंध दृढ करणे महत्त्वाचे, असे तिचे सूत्र आहे. सभासदाधारित संस्थांना ती संकल्पना सहज लागू पडते. समजा, एका वाचनालयात १,००० वार्षिक सभासद आहेत व दरवर्षी त्यांपैकी २० टक्के गळतात. हे प्रमाण स्थिर राहिल्यास सभासदत्वाचा सरासरी कालावधी ५ वर्षे येतो आणि सभासदसंख्या जैसे थे ठेवण्यासाठी दरवर्षी २०० नवे सभासद मिळवावे लागतात. गळती १० टक्क्यांवर आली, तर सरासरी कालावधी १० वर्षे होतो आणि १०० नवे सभासद पुरतात. वार्षिक वर्गणी ६०० रुपये धरल्यास एका सभासदाकडून संस्थेला मिळणारी सरासरी एकूण रक्कम ३,००० वरून ६,००० रुपयांवर जाते. गावाची लोकसंख्या मर्यादित असताना दरवर्षी २०० नवे वाचक शोधण्यापेक्षा १०० जुने वाचक टिकवणे अधिक शक्य कोटीतले आहे.

४. व्यक्तिसापेक्ष सेवेची परंपरा

व्यक्तिसापेक्षता म्हणजे सर्वांना एकच सूचना न देता प्रत्येकाला त्याच्या गरजेनुसार सेवा देणे. ही कल्पना व्यापारी संकेतस्थळांमुळे रूढ झाली असा समज आहे. परंतु ग्रंथालयशास्त्रात ती फार पूर्वीपासून आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांमध्ये वाचक आणि त्याला हवा असलेला ग्रंथ यांची गाठ घालून देणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य मानले आहे. अनुभवी ग्रंथपाल एखादे नवे पुस्तक काउंटरखाली बाजूला ठेवतो आणि ठरावीक वाचक आल्यावर त्याच्या हाती देतो, तेव्हा तो हेच सूत्र आचरत असतो.

या कामाचे स्वयंचलन करण्याची कल्पनाही ग्रंथालय व माहितीसेवेच्या क्षेत्रातच आली. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून या संशोधकाने १९५८ मध्ये अशी यंत्रणा सुचवली की, प्रत्येक उपयोगकर्त्याच्या गरजांचे एक टिपण यंत्रात ठेवावे, नव्याने आलेल्या प्रत्येक लेखाशी ते ताडून पाहावे आणि जुळणाऱ्या लेखांचीच सूचना त्या व्यक्तीला द्यावी. पुढे ही पद्धती ‘निवडक माहिती प्रसारण सेवा’ म्हणून विशेष ग्रंथालयांत रूढ झाली. तिचा हेतू उपयोगकर्त्याचा वेळ वाचवणे हा होता.

मराठी समाजातील दुसरे उदाहरण मुंबई ग्राहक पंचायतीचे देता येईल. शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन संघ स्थापन करतात, प्रत्येक कुटुंब आपली मागणी नोंदवते आणि एकत्रितपणे आलेला माल संघातील एका घरी उतरवून वाटून घेतला जातो. येथे प्रत्येक कुटुंबाची यादी वेगळी असते, म्हणजे सेवा पूर्णतः व्यक्तिसापेक्ष आहे. परंतु कुटुंबाला काय हवे ते कुटुंब स्वतः सांगते. त्याच्या वर्तनावर पाळत ठेवून ते ताडले जात नाही. सांगितलेली गरज आणि ताडलेली गरज यांतील हा भेद प्रस्तुत विषयात मध्यवर्ती आहे.

५. स्वयंचलनाची कार्यपद्धती

वाचनालयाच्या संगणकात दोन प्रकारच्या नोंदी असतात. पहिली सभासदाची : नाव, पत्ता, दूरध्वनी, सभासदत्वाचा प्रकार, अनामत, वर्गणी संपण्याची तारीख. दुसरी देवघेवीची : कोणते पुस्तक कोणी कधी नेले व कधी परत केले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ किंवा मुक्तस्रोत ‘कोहा’ यांसारख्या आज्ञावलींमध्ये या नोंदी ठेवता येतात. स्वयंचलित विपणन म्हणजे या नोंदींवर ‘अमुक घडले तर तमुक करावे’ अशा स्वरूपाचे नियम बसवणे होय.

सभासदत्वाच्या जीवनक्रमानुसार असे नियम पाच टप्प्यांत मांडता येतात.

(अ) प्रवेश : नाव नोंदवल्याच्या दिवशी वेळापत्रक, एका वेळी मिळणाऱ्या पुस्तकांची संख्या व विलंबशुल्क यांची माहिती.

(आ) स्थिरावणे : पहिल्या महिन्यात एकही पुस्तक न नेल्यास ग्रंथपालाला सूचना. नाव नोंदवूनही न येणारा सभासद नूतनीकरण करण्याची शक्यता कमी असते, म्हणून हा टप्पा निर्णायक मानावा.

(इ) नियमित वापर : परतीच्या तारखेची आठवण, राखून ठेवलेले पुस्तक आल्याची सूचना, सभासदाने निवडलेल्या विषयातील नव्या पुस्तकांची यादी.

(ई) शिथिलता : ठरावीक काळात देवघेव न झाल्यास त्याची नोंद. टपालाद्वारे विक्री करणाऱ्या व्यवसायांनी विकसित केलेल्या पद्धतीत ग्राहक शेवटी कधी आला, किती वेळा आला व त्याने किती खर्च केला, हे तीन घटक पाहतात. वाचनालयात खर्चाचा घटक गैरलागू आहे. पहिले दोन पुरेसे होत.

(उ) नूतनीकरण : वर्गणी संपण्याच्या एक महिना आधी, एक आठवडा आधी आणि संपल्यावर एकदा स्मरण. वर्गणी भरल्याबरोबर पुढील स्मरणे थांबली पाहिजेत. ही साधी अट पाळली न गेल्यास पैसे भरलेल्या सभासदाला पुन्हा मागणी जाते आणि संस्थेच्या हिशेबाविषयीच शंका उत्पन्न होते.

यांपैकी प्रवेश, नियमित वापर व नूतनीकरण या टप्प्यांवरील संदेश वस्तुस्थिती सांगणारे आहेत. तारीख, रक्कम, पुस्तकाची उपलब्धता या बाबतींत यंत्र माणसापेक्षा अधिक नियमित असते आणि एका ग्रंथपालावर व एका शिपायावर चालणाऱ्या वाचनालयाचा त्यामुळे वाचणारा वेळ लहानसहान नसतो. अडचण येते ती शिथिलतेच्या टप्प्यावर.

६. एक अनुभव

प्रस्तुत लेखक तालुक्याच्या ठिकाणच्या एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर असताना तेथे स्वयंचलित संदेशांची योजना सुरू करण्यात आली. तीन महिने न आलेल्या सभासदांना ‘आपण बरेच दिवसांत आला नाहीत, आम्हांला आपली आठवण येते’ असा संदेश जाईल अशी व्यवस्था होती. मजकूर प्रस्तुत लेखकानेच लिहिला होता. पहिल्याच महिन्यात एक वृद्ध महिला दोन पुस्तके घेऊन वाचनालयात आल्या. त्यांनी पुस्तके टेबलावर ठेवली, दूरध्वनीवरील संदेश ग्रंथपालांना दाखवला आणि हे येणे बंद करावे असे सांगितले. त्यांचे पती निवर्तले होते. विशेष म्हणजे संस्थेला हे ठाऊक होते. कार्यकारी मंडळाच्या सभेत श्रद्धांजलीचा ठराव झाला होता, तो इतिवृत्तात नोंदलेला होता आणि जुन्या सभासद नोंदवहीत त्या नावापुढे पेन्सिलने खूणही केलेली होती. संगणकातील नोंद मात्र कोणी बदलली नव्हती.

ही चूक एका नोंदीची होती असे म्हणून विषय संपवता आला असता. तथापि मंडळात चर्चा झाली तेव्हा प्रश्न अधिक मूलभूत असल्याचे लक्षात आले. ‘आठवण येते’ हे वाक्य कोणाचे होते? ज्यांना त्या गृहस्थांची खरोखर आठवण होती, त्यांनी ते पाठवले नव्हते. त्यानंतर शिथिल सभासदांना संदेश पाठवणे बंद करण्यात आले. त्याऐवजी संगणक दरमहा अशा सभासदांची यादी ग्रंथपालांना देतो व ग्रंथपाल किंवा मंडळाचे सदस्य त्यांना दूरध्वनी करतात अथवा भेटतात. त्यातून समजलेली कारणे उद्बोधक होती. कोणाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, कोणी मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते, तर काहींना वाचनालयाचा जिना चढवत नव्हता. शेवटच्या कारणावर संदेश हा उपायच नव्हता. खालच्या मजल्यावर देवघेवीची सोय करणे हा होता. हिर्शमन ज्याला आवाज म्हणतो तो या सभासदांकडे होता. तो ऐकायला कोणी गेले नव्हते इतकेच.

७. व्यक्तिसापेक्षतेचे धोके

देवघेवीच्या नोंदी वरकरणी निरुपद्रवी वाटतात. परंतु एखादी व्यक्ती कर्करोगावरील, घटस्फोटाच्या कायद्यावरील किंवा कर्जबाजारीपणावरील पुस्तके सलग नेत असेल, तर त्या यादीतून तिच्या आयुष्यातील अत्यंत खासगी गोष्ट उघड होते. त्यातच आपल्याकडे अनेक ज्येष्ठ सभासद व गृहिणी अर्जावर मुलाचा किंवा पतीचा दूरध्वनी क्रमांक देतात. वाचनावरून ताडलेल्या शिफारशीचा संदेश अशा क्रमांकावर गेला, तर वाचकाने घरात न सांगितलेली गोष्ट वाचनालय सांगून बसते. ग्रंथपालाने काउंटरखालून पुस्तक देणे आणि यंत्राने तीच शिफारस दूरध्वनीवर पाठवणे यांत हा फरक आहे : ग्रंथपालाला समोर कोण उभे आहे ते दिसत असते.

ताडलेल्या माहितीचा अतिरेक कोठपर्यंत जाऊ शकतो, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. तेथील माहिती आयुक्तांनी डिसेंबर २०१६ मध्ये प्राणिसंरक्षण क्षेत्रातील आरएसपीसीए या संस्थेला २५,००० पौंड, तर ब्रिटिश हार्ट फाउंडेशनला १८,००० पौंड दंड केला. एप्रिल २०१७ मध्ये आणखी ११ धर्मादाय संस्थांवर अशीच कारवाई झाली. देणगीदारांच्या नकळत त्यांची सांपत्तिक स्थिती बाहेरच्या कंपन्यांकडून ताडून घेणे, हा त्यांतील एक प्रमुख आक्षेप होता. या संस्था लोकोपयोगी कार्य करणाऱ्या आहेत. त्यांचा हेतू निधी वाढवणे हाच होता. उद्दिष्ट चांगले असले म्हणून साधनाची चौकशी टळत नाही, हा या प्रकरणाचा बोध होय. लाइफबोट सेवा चालवणाऱ्या आरएनएलआय या ब्रिटिश संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केले की, स्पष्ट परवानगी दिलेल्या समर्थकांशीच यापुढे संपर्क साधला जाईल. उत्पन्नात घट येईल हे गृहीत धरून तिने हा निर्णय घेतला होता.

८. भारतातील कायदेशीर चौकट

लहान संस्थांनाही दोन तरतुदी माहीत असणे आवश्यक आहे. पहिली, दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे व्यावसायिक संदेशविषयक विनियम. त्यांनुसार घाऊक लघुसंदेश पाठवणाऱ्या संस्थेला स्वतःची, प्रेषकनामाची व संदेशाच्या मसुद्याची आगाऊ नोंदणी करावी लागते. ही प्रक्रिया क्लिष्ट वाटल्याने अनेक संस्था व्हॉट्सॲपवर समूह तयार करतात. परंतु समूहात प्रत्येक सभासदाचा क्रमांक इतर सर्वांना दिसतो. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरल्यास हा दोष टळतो. मात्र ज्यांनी संस्थेचा क्रमांक आपल्या दूरध्वनीत जतन केला आहे, त्यांनाच तो संदेश पोहोचतो.

दुसरी तरतूद म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. केवळ कागदी नोंदवही या कायद्याच्या कक्षेत येत नाही, परंतु ती संगणकात उतरवताच येते. संमती मुक्त, विशिष्ट व निःसंदिग्ध असावी, ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे, आणि सूचना इंग्रजीत अथवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय असावा, अशा त्यात अटी आहेत. म्हणजे मराठीत सूचना वाचण्याचा सभासदाला हक्क आहे. वाचनालयांच्या दृष्टीने आणखी महत्त्वाची बाब बालविभागाची आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते, तसेच मुलांच्या वर्तनाचा मागोवा घेणे आणि त्यांना उद्देशून लक्ष्यित जाहिरात करणे यांवर कायद्याने निर्बंध घातले आहेत. तेव्हा बालवाचकाच्या देवघेवीवरून त्याला आपोआप शिफारशी पाठवण्याचा मोह टाळणेच श्रेयस्कर.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. स्वयंचलन हे तारीख, रक्कम व उपलब्धता यांविषयीच्या स्मरणासाठी उपयुक्त आहे. आपुलकी, सांत्वन व विचारपूस यांचे स्वयंचलन करू नये.

२. व्यक्तिसापेक्ष सेवा सभासदाने स्वतः सांगितलेल्या आवडीवर आधारावी. त्याच्या वर्तनावरून ताडलेली माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरू नये.

३. सभासदाचे मौन ही यंत्राला दिसणारी, पण यंत्राला न कळणारी गोष्ट आहे. यंत्राने ती दाखवावी. तिचा अर्थ माणसाने जाऊन विचारावा.

१०. शिफारशी

(१) सभासदत्वाच्या अर्जात ‘आपणांस कोणत्या विषयांतील नव्या पुस्तकांची सूचना हवी?’, ‘कोणत्या माध्यमाने हवी?’ आणि ‘हा दूरध्वनी आपला स्वतःचा आहे काय?’ हे तीन प्रश्न समाविष्ट करावेत.

(२) श्रद्धांजलीचा ठराव, पत्ताबदल व राजीनामा यांची नोंद इतिवृत्ताबरोबरच त्याच दिवशी संगणकात व्हावी व ती जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी.

(३) आजीव सभासदांकडून दरवर्षी वर्गणीऐवजी पत्ता व दूरध्वनी यांची पुष्टी मागवावी. संपर्काचे निमित्त त्यातून निर्माण होते.

(४) पुस्तक परत आल्यावर व हिशेब पूर्ण झाल्यावर देवघेवीचा जुना तपशील नावासह किती काळ ठेवावा, याचा ठराव सर्वसाधारण सभेने करावा. माहिती सभासदांची आहे, म्हणून निर्णयही त्यांचाच असावा.

(५) दर महिन्याला शिथिल सभासदांची यादी कार्यकारी मंडळापुढे ठेवावी आणि प्रत्येक सदस्याने त्यांतील दोन-तीन नावे वाटून घ्यावीत.

शेवटची शिफारस सर्वांत कमी खर्चाची आणि पाळण्यास सर्वांत अवघड आहे. संदेश पाठवण्यास कळ दाबणे पुरते; सभासदाच्या घरी जाण्यास संध्याकाळ द्यावी लागते. परंतु कार्यकारी मंडळ निवडून दिले जाते ते याच कामासाठी, आणि यंत्रामुळे वाचलेला वेळ या कामी लागला तरच यंत्र आणल्याचे सार्थक होईल.